एका ओळीतले सहा रकाने: लिनक्सच्या एफएसटॅबचा इतिहास

रोज वापरात असलेल्या, पण इतिहासाच्या पुस्तकात सहसा जागा न मिळणाऱ्या गोष्टींकडे आपण या मालिकेत बघतो. आजची गोष्ट म्हणजे एक छोटी फाइल. लिनक्स चालणाऱ्या बहुतेक संगणकांत 'इटीसी' नावाच्या फोल्डरमध्ये ती असते. तिचं नाव 'एफएसटॅब', म्हणजे फाइलसिस्टिम टेबल. मराठीत म्हणायचं तर 'साठवणीचा तक्ता'. साधा मजकूर असतो, पाचसात ओळी, आणि प्रत्येक ओळीत सहा रकाने. संगणक सुरू होताना कोणती डिस्क कुठे जोडायची हे त्यात लिहिलेलं असतं.

आता तुम्ही म्हणाल, तत्त्वज्ञान शिकवण्यात ज्यांचा जन्म गेला त्यांनी या फाइलच्या वाटेला का जावं? कारण त्या सहा रकान्यांत तीन जुने प्रश्न लपलेले आहेत. मुळाचा पत्ता कुठे लिहायचा? एखाद्या वस्तूला नाव कशावरून द्यायचं? आणि एक गोष्ट हरवली असेल तर सगळं थांबवायचं, की तसंच पुढे जायचं? तिसऱ्या प्रश्नाच्या उत्तरावर आज अनेकांची कागदपत्रं, फोटो, हिशेब अवलंबून आहेत. तिथपर्यंत आपण टप्प्याटप्प्याने जाऊ.

सुरुवात १९६९ सालापासून करू. अमेरिकेतली बेल लॅब्ज ही संस्था मल्टिक्स या मोठ्या प्रकल्पातून त्याच वर्षी बाहेर पडली. तिथले केन थॉम्प्सन, डेनिस रिची आणि रड कॅनडे यांनी फळ्यावर आणि कागदावर एका नव्या फाइलव्यवस्थेचा आराखडा मांडला. त्यातून युनिक्स उभं राहिलं. युनिक्सची पहिली छापील नियमपुस्तिका ३ नोव्हेंबर १९७१ या तारखेची आहे, आणि 'माउंट' हा शब्द तिच्यात आहे. म्हणजे आज आपण बोलतो आहोत ती कल्पना युनिक्सच्या बालपणापासूनची आहे.

ही कल्पना काय होती? थॉम्प्सन आणि रिची यांनी जुलै १९७४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात ती नीट समजावली आहे. सगळ्या फाइल्सचं झाड एकच. मूळ एक, त्याला फांद्या, फांद्यांना पानं. नवी डिस्क आली की तिच्यासाठी वेगळं झाड लावायचं नाही. जुन्या झाडाच्या एका पानाच्या जागी त्या डिस्कवरचं अख्खं झाड बसवायचं. कोकणात रायवळ आंब्याच्या रोपावर हापूसची काडी बांधतात ना, तसंच हे कलम आहे. फरक इतकाच, की हे कलम केव्हाही सोडवता येतं. सोडवण्याच्या आज्ञेचं नाव 'उमाउंट'. इंग्रजीप्रमाणे त्यात 'अन' हवं होतं, पण 'न' गळला तो गळलाच, आजतागायत.

याच्या उलट उत्तरही जगात होतं आणि आहे. सीपी/एम आणि त्यानंतर १९८१ साली आलेली एमएस-डॉस यांनी प्रत्येक डिस्कला एक अक्षर दिलं. 'ए' म्हणजे फ्लॉपी, 'सी' म्हणजे आतली डिस्क. तिथे एक झाड नाही, अनेक झाडं आहेत. वापरणाऱ्याला आपली फाइल कुठल्या डिस्कवर आहे हे लक्षात ठेवावं लागतं. युनिक्सने ते ओझं वापरणाऱ्याच्या डोक्यावरून काढलं आणि यंत्रावर टाकलं. पण मग यंत्राला कोणीतरी आधी सांगून ठेवायला हवं, की कुठली डिस्क कुठल्या पानाच्या जागी. आपल्या फाइलची गरज इथे निर्माण होते.

१९७४ च्या निबंधात त्यांच्या स्वतःच्या यंत्राचं वर्णन आहे. त्याला १ मेगाबाइटची एक स्थिर डिस्क होती, २.५ मेगाबाइटच्या काढता-घालता येणाऱ्या चार लहान डिस्का होत्या, आणि ४० मेगाबाइटची एक मोठी होती. आज मोबाइलवरचा एखादा फोटो यातल्या लहान डिस्कवर मावणार नाही! झाडाचं मूळ स्थिर डिस्कवर. लोकांच्या फाइल्स मोठ्या डिस्कवर, आणि ती सुरुवातीचा कार्यक्रम आपोआप जोडत असे. चार लहान डिस्का ज्याच्या त्याने हवं तेव्हा हाताने जोडायच्या. बघा, तीन प्रकार झाले: जिच्याशिवाय यंत्रच नाही ती, सुरू होताना जोडायची ती, आणि गरजेप्रमाणे जोडायची ती. हे तीन प्रकार ५० वर्षांनंतरही तसेच आहेत. आपली पुढची सगळी चर्चा त्यांच्यातल्या सीमारेषेबद्दल आहे.

१९७९ च्या सातव्या आवृत्तीपर्यंत हे जोडकाम 'आरसी' नावाच्या आज्ञांच्या यादीत लिहिलं जाई. अमुक डिस्क 'यूएसआर' या ठिकाणी जोड, तात्पुरत्या फाइल्स पूस, पुढे चल. म्हणजे तिथे आज्ञा होती, माहिती नव्हती. हा भेद महत्त्वाचा आहे. आज्ञा फक्त पाळता येते, माहिती अनेकांना वाचता येते. डिस्क तपासणाऱ्या 'एफएससीके' या कार्यक्रमालाही डिस्कांची यादी लागे. एटीअँडटीच्या शाखेत त्यासाठी 'चेकलिस्ट' अशी वेगळी फाइल होती. एकाच घराची माहिती दोन दप्तरांत असली की काय होतं, हे आपल्याकडे कोणाला सांगायला नको. एका दप्तरात बदल होतो, दुसऱ्यात राहून जातो.

१९८० साली कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठातून ४.० बीएसडी ही आवृत्ती बाहेर पडली, आणि तिच्यात एफएसटॅब पहिल्यांदा दिसते. एक तक्ता, सगळ्यांनी तोच वाचायचा. जोडणाऱ्याने, तपासणाऱ्याने, राखीव प्रत काढणाऱ्यानेही. तेव्हा एका ओळीत पाच भाग असत आणि मध्ये विसर्गचिन्हासारखे दोन ठिपके असत. कुठली डिस्क, कुठे जोडायची, कशी जोडायची म्हणजे वाचायला फक्त की लिहायलाही, राखीव प्रत किती दिवसांनी काढायची, आणि तपासणीत कितवा नंबर.

आजच्या लिनक्समधली एक ओळ आता शब्दांत वाचू. पहिल्या रकान्यात डिस्कच्या भागाची ओळख. दुसऱ्यात जागा, समजा 'होम'. तिसऱ्यात फाइलव्यवस्थेचा प्रकार, समजा 'ईएक्सटी४'. चौथ्यात अटी, बहुधा 'डिफॉल्ट्स'. पाचव्यात शून्य. सहाव्यात दोन.

तिसरा रकाना नंतरचा आहे. १९८० मध्ये फाइलव्यवस्थेचा प्रकार लिहायची गरजच नव्हती, कारण प्रकार एकच होता. १९८० च्या दशकाच्या मध्यावर सन कंपनीने जाळ्यावरून दुसऱ्या यंत्राची डिस्क जोडायची सोय केली, आणि 'कुठल्या प्रकारची?' हा प्रश्न आला. लिनस टॉरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये लिनक्स लिहायला घेतलं तेव्हा त्यांनी मिनिक्सची फाइलव्यवस्था घेतली. १९९२ मध्ये रेमी कार्ड यांची 'ईएक्सटी' आली, १९९३ मध्ये 'ईएक्सटी२', २००१ मध्ये 'ईएक्सटी३', २००८ मध्ये 'ईएक्सटी४'. प्रकार वाढत गेले आणि तिसऱ्या रकान्याला अर्थ आला.

पाचव्या रकान्याचं उलट झालं. तो टेपवर राखीव प्रत काढण्याच्या दिवसांचा. 'डम्प' नावाचा कार्यक्रम तो वाचून आज कुठल्या डिस्कची पाळी आहे ते सांगे. टेप गेल्या, सवय गेली, पण रकाना राहिला. आज जवळजवळ सगळीकडे तिथे शून्य असतं. वाड्याच्या भिंतीत कंदील ठेवायचा कोनाडा असतो ना, वीज आल्यावरही राहिलेला, तसा.

सहावा रकाना अजून जागा आहे. मुळाला १, बाकीच्यांना २, आणि तपासायचंच नसेल तर ०. मूळ आधी तपासायचं, मग इतर. ते वेगवेगळ्या डिस्कांवर असतील तर एकाच वेळी तपासता येतात. एक्सएफएस किंवा बीटीआरएफएस वापरत असाल तर इथे शून्यच ठेवतात, कारण त्यांची सुरुवातीची तपासणी अशा रीतीने होत नाही.

आता पहिला प्रश्न, मुळाचा पत्ता. एफएसटॅब ही फाइल आहे. ती इटीसीमध्ये असते. इटीसी मुळावर असतं. म्हणजे मूळ कुठल्या डिस्कवर आहे हे सांगणारी ओळ वाचायला आधी मूळ जोडलेलं असलं पाहिजे! आपल्या नैयायिकांनी अशा अडचणींना नावं देऊन ठेवली आहेत. एखादी गोष्ट स्वतःच्याच आधारावर उभी असली की आत्माश्रय. दोन गोष्टी एकमेकींच्या आधारावर असल्या की अन्योन्याश्रय. आधाराला आधार असं मागे मागे जात राहिलं तर अनवस्था. इथे आत्माश्रय आहे.

अभियंत्यांनी तो कसा सोडवला? बाहेरून पहिला आधार देऊन. संगणक सुरू करणारा बूटलोडर कर्नलला एक चिठ्ठी देतो: मूळ अमुक ठिकाणी आहे. २.६ मालिकेपासून 'इनिटरॅमएफएस' नावाचं एक छोटंसं तात्पुरतं झाड मेमरीत उभं केलं जातं. ते खरं मूळ शोधतं, जोडतं आणि बाजूला होतं. अनेक व्यवस्थांमध्ये मूळ आधी फक्त वाचण्यापुरतं जोडलं जातं, तपासलं जातं, आणि मग एफएसटॅबमधल्या अटी बघून लिहिण्यासाठी मोकळं केलं जातं. तेव्हा मुळाची ओळ एफएसटॅबमध्ये असते ती शोधासाठी नव्हे, अटींसाठी. पुष्कळ लोक इथे गोंधळतात. मुळाची डिस्क बदलली आणि फक्त एफएसटॅब दुरुस्त केली तर काम होत नाही, बूटलोडरची चिठ्ठीही बदलावी लागते.

दुसरा प्रश्न नावाचा. सॉल क्रिप्के यांनी १९७० साली प्रिन्स्टनला नामकरणावर गाजलेली व्याख्यानं दिली. त्यांचा मुद्दा अगदी थोडक्यात असा, की नाव आणि वर्णन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. 'रांगेतला पहिला माणूस' हे वर्णन आहे. रांग बदलली की ते दुसऱ्याला लागू होतं. त्या माणसाचं नाव मात्र त्याच्याबरोबर चालत जातं.

लिनक्समध्ये बरीच वर्षं डिस्कांना वर्णनं होती आणि आपण त्यांना नावं समजत होतो. 'एचडीए' म्हणजे पहिल्या केबलवरची पहिली डिस्क. 'एसडीए' म्हणजे आधी सापडलेली डिस्क. यूएसबी आलं, डिस्का कधीही येऊ-जाऊ लागल्या, आणि आज जी 'एसडीबी' ती उद्या 'एसडीसी' होऊ लागली. त्यात २००६-०७ च्या सुमारास कर्नलमधला जुन्या आयडीई डिस्कांचा कारभार नव्या यंत्रणेकडे गेला. मे २००७ मधल्या फेडोरा ७ मध्ये ज्या डिस्का 'एचडीए' होत्या त्या 'एसडीए' झाल्या. डिस्क तीच, केबल तीच, पण एफएसटॅबमधला जुना शब्द आता कोणालाच लागू होत नव्हता.

यावरचा एक उपाय म्हणजे लेबल, आपणच ठेवलेलं नाव. वाचायला सोपं. पण एकाच गावात दोन गणपत पाटील असतात. एका यंत्रातली डिस्क दुसऱ्यात लावली, आणि दोन्हींवर स्थापनेच्या वेळी सारखंच लेबल पडलेलं असलं, तर टपालवाला कुठे जाणार? मग यूयूआयडी रूढ झाला. १२८ बिटांचा आकडा, लिहिला की मधल्या आडव्या रेघांसह ३६ चिन्हांचा. फाइलव्यवस्था तयार होताना तो तिच्या आतच लिहिला जातो, बाहेरच्या रांगेवर अवलंबून नसतो. म्हणून आज बहुतेक एफएसटॅबच्या पहिल्या रकान्यात तो लांबलचक आकडा दिसतो.

पण तो आधार कार्डासारखा कायमचा आहे असं समजू नका. डिस्क नव्याने फॉरमॅट केली की आकडा बदलतो, कारण तो लोखंडाचा नाही, त्यावरच्या रचनेचा आहे. आणि डिस्कची हुबेहूब प्रत काढली की आकडाही हुबेहूब येतो. मग दोन वस्तू, एक नाव! एक्सएफएस अशी दुसरी प्रत जोडायला सरळ नकार देते. सगळ्याच फाइलव्यवस्था इतक्या काटेकोर नाहीत. तेव्हा प्रत काढून झाली की मूळ आणि प्रत दोन्ही एकाच यंत्राला लावून संगणक सुरू करू नये.

आता तिसरा प्रश्न, ज्याच्यासाठी आपण इथवर आलो. तक्त्यात लिहिलेली एखादी डिस्क जागेवर नसेल तर काय करायचं?

जुन्या व्यवस्थेत पुष्कळदा संगणक चुकीची सूचना दाखवून पुढे जाई. एप्रिल २०१० मध्ये लेनार्ट पॉटरिंग यांनी सिस्टिमडीची घोषणा केली. मे २०११ च्या फेडोरा १५ मध्ये आणि एप्रिल २०१५ च्या डेबियन ८ मध्ये तीच मुख्य व्यवस्था झाली. सिस्टिमडी एफएसटॅब वाचून प्रत्येक ओळीचं एक काम तयार करते. डिस्क दिसली नाही तर साधारण ९० सेकंद वाट बघते. तरीही आली नाही, तर स्थानिक डिस्का जोडण्याचा टप्पा अपुरा राहिला असं मानून थांबते आणि दुरुस्तीसाठीचा काळा पडदा समोर ठेवते. डेबियन ८ च्या सूचनांमध्ये या कडकपणाचा इशारा स्पष्ट दिलेला होता.

समजा, एका गावच्या वाचनालयात जुनी मासिकं स्कॅन करून ठेवलेला संगणक आहे. राखीव प्रतीसाठी बाहेरून लावायची एक डिस्क आहे, आणि कोणीतरी तिची ओळ एफएसटॅबमध्ये घातली आहे. अटींच्या रकान्यात नुसतं 'डिफॉल्ट्स'. एके दिवशी कोणी ती डिस्क घरी नेली. दुसऱ्या दिवशी संगणक सुरूच होत नाही. मासिकं सुखरूप आहेत, आतली डिस्क ठणठणीत आहे, पण ग्रंथपालांसमोर काळा पडदा. त्यांना वाटतं, सगळं गेलं.

उपाय एका शब्दाचा आहे. चौथ्या रकान्यात 'नोफेल' लिहायचं. म्हणजे ही डिस्क नसली तरी अडू नकोस. शोधात सगळे लोक हाच सल्ला देतात. सल्ला बरोबर आहे, पण अर्धा आहे.

उरलेला अर्धा ऐका. कलम बांधलेलं नसतं तेव्हा खालचं मूळ पान उघडं असतं. 'नोफेल' लिहिलं, डिस्क आली नाही, संगणक सुखाने सुरू झाला. रात्री राखीव प्रतीचा कार्यक्रम चालला. त्याला ठरलेलं फोल्डर दिसलं, रिकामं. त्याने तिथे सगळं उतरवलं, म्हणजे त्याच आतल्या डिस्कवर. 'प्रत पूर्ण झाली' असा निरोपही दिला. महिनाभर हे असं चाललं, आणि मग आतली डिस्क गेली, तर मूळही गेलं आणि प्रतही. शिवाय दरम्यान कोणी बाहेरची डिस्क पुन्हा जोडली, तर तिच्याखाली ती चुकीची प्रत झाकली जाते. दिसत नाही, पण जागा खाते.

म्हणजे एका बाजूला विनाकारण थांबणारं यंत्र, दुसऱ्या बाजूला थांबायला हवं तिथे न थांबणारं. पहिलं आपल्याला लगेच कळतं, चिडचिड होते, कोणाला तरी बोलावतो. दुसरं कळतच नाही. आमच्या मते दुसरं जास्त घातक आहे. १९७४ च्या यंत्राजवळ जाणकार माणसं असत, डिस्क जोडली नाही हे त्यांना दिसे. आज यंत्रं घराघरांत आहेत आणि जवळ जाणकार नाही. म्हणून 'ही डिस्क अत्यावश्यक आहे का?' हा प्रश्न त्या डिस्कच्या मालकानेच स्वतःला विचारला पाहिजे.

व्यवहारात काय करायचं ते सांगून थांबतो. राखीव डिस्कच्या ओळीत 'नोफेल' जरूर लिहा. पण जोडणीचं फोल्डर, डिस्क जोडलेली नसताना, 'सीएचएटीटीआर' या आज्ञेने अचल करून ठेवा, म्हणजे त्यात कोणालाच, अगदी रूटलाही, लिहिता येणार नाही. प्रत काढण्याआधी 'माउंटपॉइंट' ही आज्ञा वापरून डिस्क खरोखर जोडलेली आहे का हे कार्यक्रमाला तपासू द्या. नसेल तर त्याने थांबावं आणि ओरडावं. एफएसटॅब बदलण्याआधी तिची एक प्रत ठेवा. बदलल्यावर लगेच संगणक बंद करून चालू करू नका. आधी 'फाइंडएमएनटी' ही आज्ञा 'व्हेरिफाय' हा पर्याय देऊन चालवा, मग 'माउंट' आज्ञा 'ए' या पर्यायासह. चूक असेल तर ती चालू यंत्रावर कळेल, दुरुस्त करता येईल.

आणखी एक गोष्ट. यूएसआर हा विभाग एके काळी वेगळ्या डिस्कवर असे, म्हणून आज्ञांची फोल्डरंही दोन ठिकाणी विभागलेली होती. मे २०१२ मधल्या फेडोरा १७ ने ती एकत्र केली, आणि २०२३ च्या डेबियन १२ ने एकत्रित मांडणीच मान्य धरली. लहान डिस्कांमुळे पडलेली फूट भरायला चाळीस वर्षं लागली. एफएसटॅबच्या पाचव्या रकान्यातलं शून्य मात्र अजून तसंच आहे.

घरी गेल्यावर आपल्या संगणकातली ही फाइल फक्त वाचून बघा, काही बदलू नका. प्रत्येक ओळीपुढे मनात लिहा: ही नसेल तर यंत्राने थांबावं की चालावं? ज्या ओळीचं उत्तर येणार नाही, ती ओळ घेऊन प्रश्नोत्तरांना या.